हर्पीस मुळापासून जात नाही म्हणतात, मग उपचार कसले? आणि बायको गरोदर असेल तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी. गेल्या आठ महिन्यांत चौथ्यांदा लिंगावर त्याच जागी पाण्याचे बारीक फोड आले. येण्याआधी दिवसभर मांडीत मुंग्या आणि जळजळ, मग फोड, मग ते फुटून ओलसर जखम, आठवड्याने खपली. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं, फरक नाही. लॅबच्या रिपोर्टवर ‘हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह’ (या दोन्ही रक्तातल्या प्रतिकारद्रव्यांच्या तपासण्या). लग्नाला तीन वर्षं झाली, पत्नीला सहावा महिना चालू आहे, तिला कसलाही त्रास नाही आणि तिला अजून काही सांगितलेलं नाही. लग्नाआधी एक संबंध होता. विचारलंय ते असं: हे कायमचं जाईल का, तिला आणि बाळाला होईल का, आणि हे आलं कुणाकडून, तिच्याकडून की त्या जुन्या संबंधातून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो प्रश्न डोक्यात घोळत असला की माणूस गोळ्यांबद्दल सांगितलेलं काहीच ऐकत नाही, हे मी ओपीडीत नेहमी बघते.

फोड पहिल्यांदा दिसले ती तारीख आणि हर्पीसचा विषाणू अंगात शिरला ती तारीख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींना संबंधानंतर २ ते १२ दिवसांत ताप, जांघेत गाठी आणि भरपूर फोड अशी जोरदार लागण होते. पण बहुतेकांना लागण होते तेव्हा काहीच कळत नाही. एखादी बारीक चीर पडते, दोन दिवस खाज येते, ‘घामाने झालं असेल’ म्हणून विषय संपतो. मग कित्येक महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, पहिल्यांदा ओळखू येतील असे फोड येतात. म्हणजे तुमचा विषाणू लग्नाआधीचाही असू शकतो. तो पत्नीकडून आलेला असू शकतो आणि तिला तो कधी आला हे तिलाही ठाऊक नसू शकतं. ओठावर ज्याला आपण ‘ताप उतू गेला’ म्हणतो तसे फोड येणाऱ्या माणसाकडून मुखमैथुनातूनही तो खाली येतो. रक्ताच्या कोणत्याही तपासणीतून तारीख निघत नाही आणि माणूसही निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांच्या हर्पीसची लागण आहे. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नाही. या रिपोर्टवरून पत्नीवर संशय घेऊ नका आणि स्वतःलाही आरोपी करू नका. इतकं मान्य केलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता हा हर्पीसच आहे का, ते बघू. तुम्ही केलेलं वर्णन अगदी जुळतं: आधी मुंग्या, एकाच जागी घोळक्याने येणारे फोड, दुखरी जखम, आठ-दहा दिवसांत आपोआप भरणं, पुन्हा तिथंच येणं. तरीही न बघता मी शिक्का मारणार नाही, कारण आपल्याकडे एक गोष्ट हुबेहूब अशीच वागते आणि वारंवार चुकवते. ती म्हणजे औषधाची ॲलर्जी. जुलाब, अंगदुखी, दातदुखी किंवा लघवीची जळजळ म्हणून काही ठरावीक गोळ्या घेतल्या की काही तासांत लिंगाच्या टोकावर त्याच जागी जळजळून फोड येतो, सालटं निघतं आणि बरं होताना काळसर डाग राहतो. रुग्ण वर्षानुवर्षं ‘हर्पीस’ म्हणून गोळ्या खात राहतो. म्हणून आठवा: चारही वेळा फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधी कुठली गोळी घेतली होती का? डाग काळा राहतो का? तसं असेल तर निदान वेगळं आहे आणि उपाय म्हणजे ती गोळी आयुष्यभर टाळणं. मधुमेह असलेल्या पुरुषांत त्वचेच्या घडीला बुरशीमुळे बारीक चिरा पडतात, त्याही हर्पीस म्हणून खपतात. साखर तपासलेली नसेल तर तीही तपासा. आणि जखम एकच, कडक, अजिबात न दुखणारी असेल तर ती सिफिलिसची समजून लगेच दाखवायची. ती आपोआप भरते आणि आजार मात्र आत चालू राहतो.

खात्रीची तपासणी म्हणजे ताज्या फोडाच्या तळाचा नमुना घेऊन केलेली पीसीआर, म्हणजे त्यात विषाणूचाच जनुकीय अंश शोधणारी तपासणी. ती पहिल्या ४८ तासांत घेतली तर उपयोग, खपली धरल्यावर घेतलेला नमुना निगेटिव्ह आला तरी त्याला अर्थ नाही. नमुना बहुधा पुण्या-मुंबईला जातो आणि खर्चही येतो. ते शक्य नसेल तर फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर रंग देऊन बघायची जुनी टझांक तपासणी इथंही होते. हर्पीसच्या कुळातला विषाणू आहे एवढं त्यातून कळतं, प्रकार कळत नाही. पण सगळ्यांत स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेशी तपासणी म्हणजे फोड आला त्याच दिवशी येऊन दाखवणं. लाज वाटते म्हणून लोक खपली पडल्यावर येतात आणि मोबाइलमधला अंधुक फोटो दाखवतात. असं करू नका.

तुमच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल स्पष्ट सांगते. नुसतं ‘हर्पीस आयजीजी पॉझिटिव्ह’ यातून फारच थोडं कळतं. विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला मुख्यतः ओठांचा, जो जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांना असतो, बहुधा लहानपणापासून. दुसरा मुख्यतः गुप्तांगांचा. तपासणी दोन्ही प्रकार वेगळे दाखवत नसेल तर तिच्यावरून काही ठरवता येत नाही. प्रकार वेगळे दाखवणारी असली तरी दुसऱ्या प्रकाराचा आकडा जेमतेम सीमारेषेच्या वर असेल तर ती खोटी पॉझिटिव्ह असू शकते. नुकती लागण झाली असेल तर आयजीजी यायला १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आयजीएमवर तर मी पैसे खर्च करू देत नाही. ती प्रकार सांगत नाही, जुना आजार पुन्हा उसळला तरी पॉझिटिव्ह येते आणि त्या एका शब्दावरून ‘हे नवीन आहे, म्हणजे आत्ता कुठंतरी जाऊन आलास’ असे आरोप घराघरांत झालेले आहेत.

याच वेळी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मात्र करायचीच. गुप्तांगावर जखम घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची आम्ही करतो, यात तुमच्यावर संशय नाही. दुसऱ्या प्रकारच्या हर्पीसमुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण तिप्पट होतो, आणि एचआयव्ही असेल तर हर्पीसच्या जखमा मोठ्या होतात, महिना महिना भरत नाहीत. उपचार बदलतात म्हणून ते कळायला हवं.

‘मुळापासून जाईल का?’ नाही. आज जगात असं कुठलंही औषध नाही. विषाणू त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने कण्याच्या तळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यात जाऊन बसतो आणि तिथं तो निपचित असताना कोणतीही गोळी त्याला हात लावू शकत नाही. भिंतीवरच्या जाहिरातीत ‘गुप्तरोग गॅरंटीने बरा’ लिहिणाऱ्यालाही ते शक्य नाही. लसही अजून बाजारात आलेली नाही. पण लोक ‘बरा होत नाही’ हे ऐकून जे चित्र उभं करतात ते चुकीचं आहे. हा कर्करोग नाही, यातून कर्करोग होत नाही (तो धोका एचपीव्ही या वेगळ्या विषाणूचा), वंध्यत्व येत नाही, पुरुषत्व कमी होत नाही. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी चार-पाच वेळा फोड येणं नेहमीचं आहे, पुढे वर्षागणिक खेपा कमी आणि सौम्य होत जातात. पहिल्या प्रकाराचा विषाणू खाली आलेला असेल तर वर्षातून एखादी खेप, पुष्कळांना तीही नाही. प्रकार जाणून घेण्याचा खरा उपयोग हा आहे.

औषधाचं म्हणाल तर ॲसायक्लोव्हिर आहे, आणि ते चांगलं औषध आहे. ज्या संशोधनातून ते आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. विषाणू ज्या पेशीत वाढतोय त्याच पेशीत ते जागं होतं, म्हणून निरोगी पेशींना फारसा त्रास देत नाही. यातच वेळेचं सगळं गणित आहे. विषाणू वाढत असतानाच ते काम करतं. फोड फुटून खपली धरू लागली की त्याचं वाढणं संपत आलेलं असतं आणि तेव्हा घेतलेली गोळी बव्हंशी वाया जाते. ‘गोळ्या घेतल्या, फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, कितव्या दिवशी सुरू केल्या? उत्तर बहुधा तिसरा-चौथा दिवस असं असतं. तुम्हाला मुंग्या येतात हे तुमचं नशीब समजा, कारण तुम्हाला आधी सूचना मिळते. चिठ्ठी आत्ताच लिहून घ्या, गोळ्या घरी आणि डब्याच्या पिशवीत ठेवा, आणि रात्रपाळीत मांडीला मुंग्या आल्या तर सकाळची वाट न बघता पहिला डोस तिथंच घ्या.

मात्रा साधारण अशा असतात, पण तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलीच घ्यायची. आयुष्यातली पहिली खेप असेल तर ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. पुन्हा येणाऱ्या खेपेला ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ५ दिवस, किंवा ८०० दिवसातून तीनदा फक्त २ दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर महाग पडतं, पण ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा तीन दिवस घेतलं की भागतं. नागीण हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे आणि तिला हेच औषध जास्त मात्रेत, ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा लागतं. घरात कुणाच्या नागिणीच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या चिठ्ठीवरून आपली मात्रा ठरवू नका.

सोलापूरकरांसाठी एक खास सूचना. ॲसायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४०-४२ अंश आणि आत कारखान्यातला उकाडा, घाम गळतोय आणि पाणी कमी, अशा वेळी या गोळ्या कोरड्या अंगावर घेऊ नयेत. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्या. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागते.

आता त्या मलमाविषयी. ॲसायक्लोव्हिरच्या मलमाचा गुप्तांगाच्या हर्पीसवर उपयोग नगण्य आहे, गोळी घेत असाल तर त्याची गरजच नाही. पण मेडिकलमधून ‘जांघेत खाज आहे’ म्हणून मिळणारं मलम बहुधा वेगळं असतं: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र. स्टेरॉइडने दोन दिवस लाली कमी दिसते आणि त्या आडून विषाणू मोकाट वाढतो, जखम पसरते, कातडी पातळ होते. तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ती आजच बंद करा. डेटॉल, चुना, हळद, टूथपेस्ट, लिंबू यातलंही काही नको. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुणं, कोरडं टिपणं, सैल सुती चड्डी, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, फार जळजळ असेल तर डॉक्टरांनी दिलेली लिग्नोकेन जेली. फोड फोडू नका. हात लागला तर साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. संडास, टॉवेल, भांडी, एकत्र जेवण यातून हा पसरत नाही, तेव्हा घरात वेगळं ताट-वाटी करण्याची गरज नाही.

आठ महिन्यांत चार खेपा आणि घरात गरोदर पत्नी, हे बघता मी तुम्हाला दाबून ठेवणारा उपचार सुचवेन. म्हणजे खेप असो वा नसो, रोज गोळी: ॲसायक्लोव्हिर ४०० दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एकदा. यामुळे खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा विषाणू फोड नसतानाही त्वचेवर अधूनमधून येत असतो आणि बहुतेक लागण अशाच ‘काही नसलेल्या’ दिवसांत होते. रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्मा होतो, हे जोडप्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. शून्य होत नाही. निरोधनेही कमी होतो, शून्य होत नाही, कारण विषाणू निरोधने न झाकलेल्या त्वचेवरही असतो. दोन्ही एकत्र, आणि मुंग्या आल्यापासून जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध बंद, असं धरून चालायचं. रोजची गोळी वर्षभर घेऊन मग थांबवून बघतो. खेपा कमी झाल्या असतील तर सोडून देतो.

आता पत्नी आणि बाळ. इथं मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय.

तिला हा विषाणू आधीपासून असेल, तर तिच्या अंगातली प्रतिकारद्रव्यं बाळापर्यंत पोचलेली असतात आणि बाळाला लागण होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. खरा धोका आहे तो तिला तुमच्याकडून पहिल्यांदाच शेवटच्या तिमाहीत लागण होण्याचा. तिचं शरीर प्रतिकारद्रव्यं तयार करण्याआधीच बाळंतपण झालं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि नवजात बाळाचा हर्पीस मेंदूपर्यंत गेला तर जीवघेणा असतो. म्हणून सातवा महिना लागल्यापासून बाळंतपणापर्यंत योनीसंबंध पूर्ण बंद. निरोध वापरूनही नको, गोळी चालू असली तरी नको. ओठावर फोड येत असतील तर मुखमैथुनही नको. तेवढे तीन महिने थांबणं ही तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे.

तिची प्रकारानुसार आयजीजी तपासणी आत्ता करून घेता येते. दुसरा प्रकार पॉझिटिव्ह आला तर घाबरण्याऐवजी हायसं वाटायला हवं: ती जुनी लागण असण्याची शक्यता अधिक. मग स्त्रीरोगतज्ज्ञ बहुधा ३६ व्या आठवड्यापासून तिला ॲसायक्लोव्हिर ४०० दिवसातून तीनदा सुरू करतात. गरोदरपणात या औषधाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे आणि बाळात व्यंग येण्याचं प्रमाण त्याने वाढलेलं दिसलेलं नाही. कळा सुरू होताना फोड किंवा जळजळ असेल तर सिझेरियन, नसेल तर नेहमीसारखं बाळंतपण. निगेटिव्ह आली तर वर सांगितलेला नियम आणखी कडक. बाळंतपणानंतर अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने नाही.

आणि बारशाला येणारे पाहुणे. ज्याच्या ओठावर फोड आहे त्याने बाळाचा पापा घ्यायचा नाही, मग ती आजी असो वा आत्या. कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या. पहिल्या सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेना, ताप आला, अंग गार किंवा सुस्त पडलं, झटके आले, अंगावर पाण्याचे फोड दिसले तर तासाभरात रुग्णालय गाठा आणि ‘वडिलांना हर्पीस आहे’ हे तोंडाने सांगा. ते वाक्य ऐकलं की बालरोगतज्ज्ञ शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू करायला वेळ लावत नाहीत.

तुमच्या बाबतीतही काही लक्षणांना थांबायचं नसतं: लघवी अडणं, तीव्र डोकेदुखीसोबत मान आखडणं, डोळा लाल होऊन दुखणं. यासाठी त्याच दिवशी रुग्णालय.

खर्चाची चिंता असेल तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहेच. त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांची औषधं रंगीत पाकिटांतून मोफत मिळतात. हर्पीससाठी लाल पाकीट आहे, त्यात ॲसायक्लोव्हिरचा सात दिवसांचा कोर्स असतो. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन मोफत आणि गोपनीय. काही विचारायचं असेल आणि समोर जायचं धाडस होत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून आपले लोक सिव्हिल टाळतात आणि स्टेशनजवळच्या तंबूत जडीबुटीवर हजारो रुपये घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्वचेच्या ओपीडीत खरूज, गजकर्ण, केस गळणं, सगळेच बसलेले असतात. तुम्ही कशासाठी बसलात ते कुणालाही कळत नाही.

राहिलं पत्नीला सांगणं. सांगावंच लागेल, कारण तीन महिने दूर राहण्याचं कारण तिला कळलं नाही तर ती भलताच अर्थ काढेल, आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे माहीत असणं बाळासाठी गरजेचं आहे. सासू-सासऱ्यांसमोर नाही, भांडणाच्या ओघात नाही, रात्रपाळीवरून येऊन दमलेले असताना तर नाहीच. सुट्टीच्या दिवशी, दोघंच असताना, साध्या शब्दांत: ‘मला एक त्वचेचा विषाणू आहे, तो कधीचा आहे हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तुला असेल किंवा नसेल. बाळाला होऊ नये म्हणून तुझी एक रक्ततपासणी करायची आहे आणि मी गोळी चालू केली आहे.’ जुन्या संबंधाबद्दल तिने विचारलं तर खोटं बोलू नका, पण त्याला या आजाराचा पुरावा म्हणूनही पुढे करू नका, कारण तो पुरावा नाही. ती रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. तिला तेवढा वेळ द्या. आणि तिला वाटलं तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. पुष्कळ बायकांना नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं पटत नाही, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की पटतं. जाताना तिची गरोदरपणाची फाइल, तुमचा लॅबचा रिपोर्ट आणि ती मलमाची ट्यूब, तिन्ही सोबत न्या. आणि हे सगळं सातवा महिना लागायच्या आत करा.